डेडस्टॉकमध्ये पंखा आहे, विंडोज नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वेंगुर्ल्यात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. खाऱ्या हवेने काळ्या पडलेल्या रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासायच्या, पावसाळ्यात विजेने उडालेले एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारे डबे) बदलायचे, हे रोजचं काम. सरकारी कार्यालयांतूनही बोलावणं येतं. मागे अशाच एका कार्यालयात चार नवे पीसी जोडायला गेलो. सुरू केले तर विंडोज नाहीच, चारही ‘डॉस’वाले, म्हणजे विंडोजशिवाय विकलेले. लायसन्सचं विचारलं, तर हेडक्लार्क हसले. "पेनड्राइव्ह आसा मां तुझ्याकडे? सगळा टाकून दी. कोण बघूक येतलो?"

मी नाही म्हटलं. म्हणून मी काही साधू नव्हे. काही वर्षांपूर्वीपर्यंत तसला चोरीच्या विंडोजचा पेनड्राइव्ह खिशात घालून मीच फिरत होतो. त्यामुळे त्यात काय असतं ते ठाऊक आहे. क्रॅक म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडणारा प्रोग्रॅम. त्याच्या फोल्डरमध्ये एक टेक्स्ट फाइल असते. तिच्यातली पहिली सूचना बहुतेक वेळा एकच: अँटीव्हायरस बंद करा. म्हणजे राखणदाराला आधी वेशीबाहेर धाडायचं, मग अनोळख्याला दार उघडायचं. उजव्या कोपऱ्यातली ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ ही फिकट अक्षरं गेली की काम फत्ते. त्याबरोबर आत आणखी काय शिरलं, ते टाकणाऱ्यालाही कळत नाही. आणि त्याच पीसीला साहेबांच्या डिजिटल सहीचं टोकन लागतं, तिथेच आपली आधार कार्डं नि पासबुकं स्कॅन होतात. ती अक्षरं परत येऊ नयेत म्हणून अपडेटही आम्हीच बंद करून द्यायचो. मे 2017 मध्ये वॉनाक्राय हा फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस जगभर पसरला, तेव्हा त्याला अडवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिलं होतं. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, ते अडकले.

"आम्ही काय धंदा करतो?" हे उत्तर हमखास मिळतं. कॉपीराइट कायदा 1957, कलम 63ब वाचावं. प्रोग्रॅमची बेकायदा प्रत जाणूनबुजून संगणकावर वापरली तर 7 दिवस ते 3 वर्षे कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. धंद्यासाठी वापर नसेल तर न्यायालय कैद टाळू शकतं. मग दंड 50 हजारांपर्यंत.

पण हेडक्लार्कना चोर म्हणून मोकळं होण्यात अर्थ नाही. मागणीपत्रात ‘संगणक संच, नग 4’ एवढंच लिहिलं जातं, सर्वांत कमी दर डॉसवाल्याचा, आणि लायसन्सला वेगळी तरतूद नसते. डेडस्टॉक रजिस्टरात, म्हणजे कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत, पंखा, खुर्ची, अगदी कचऱ्याची टोपलीही नंबर घालून चढवलेली असते. सॉफ्टवेअरची ओळ मी तरी कधी पाहिली नाही. ओळ नाही, म्हणून ऑडिटवालाही पावती मागत नाही. अमेरिकेत 30 सप्टेंबर 1998 रोजी अध्यक्ष क्लिंटन यांनी याच विषयावर आदेश काढला. त्यात आपल्या संगणकांवर कोणकोणतं सॉफ्टवेअर आहे याची यादी करायला सरकारी खात्यांना सांगितलं होतं. आपल्याला तर नवं रजिस्टरही नको. आहे त्यातच पान वाढवा.

पैसे नसतील तर फुकटचा सरळ मार्ग आहे. केंद्राने 2015 मध्ये ओपन सोर्सचं, म्हणजे कुणालाही वापरता-बदलता येणाऱ्या खुल्या सॉफ्टवेअरचं, धोरण जाहीर केलं, विंडोजऐवजी सरकारी संस्था सी-डॅकचं बॉस लिनक्स आहे, एमएस ऑफिसऐवजी लिब्रेऑफिस, त्यात युनिकोड मराठी छान चालतं. अडतं ते युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधल्या फायलींपाशी. त्यांना जुनी मराठी सॉफ्टवेअरंच लागतात. डोंगलवाली, म्हणजे पीसीला किल्लीसारखा खटका लावल्याशिवाय न चालणारी, ही सॉफ्टवेअरं आपल्याच पुण्यात तयार झाली. डोंगल हरवलं की त्यांचंही क्रॅक शोधलं जातं. परप्रांतीयांच्या नावाने शंख करणारे आपण, हे मात्र बिनदिक्कत चोरतो!

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची मोफत अपडेट थांबली, त्यामुळे आता ठिकठिकाणी जुने पीसी बदलले जातील. जिल्हाधिकारी आणि जिल्हा परिषदेने निदान या खरेदीच्या मागणीपत्रात ‘परवानाधारक प्रणालीसह’ हे दोन शब्द घालायला लावावेत.

त्या चार पीसींचं म्हणाल, तर दुसऱ्याच दिवशी कुणी पोरगा येऊन सगळं ‘टाकून’ गेला. त्याला रोख मिळाले. माझं जोडणीचं बिल अजून टेबलावरच आहे.

आपला,
एक संगणक दुरुस्तीवाला, वेंगुर्ले