घरच्या ई-सायकलची बॅटरी

संपादक महोदय,

साध्या सायकलला हब मोटर (चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटर), कंट्रोलर (मोटरला मिळणारी वीज नियंत्रित करणारे सर्किट), थ्रॉटल आणि बॅटरी असे सुटे भाग जोडून घरीच ई-सायकल करणाऱ्यांचे कौतुक वृत्तपत्रांतून होते, ते योग्यच आहे. मात्र त्यात वेग आणि अंतर यांचीच चर्चा असते आणि बॅटरीच्या सुरक्षेचा उल्लेखही नसतो. मी स्वतः अशी सायकल जोडून रोज वापरत असल्यामुळे ही उणीव मला फार जाणवते.

36 व्होल्टच्या बॅटरी पॅकमध्ये लिथियम-आयनचे 10 सेल, किंवा समांतर जोडलेल्या सेलचे 10 गट, सिरीजमध्ये असतात. पूर्ण चार्ज झाल्यावर प्रत्येक सेल 4.2 व्होल्टवर आणि पॅक 42 व्होल्टवर पोहोचतो. त्यांतला एखादा गट कमी क्षमतेचा असेल तर तो इतरांच्या आधी भरतो, पण चार्जरला केवळ एकूण व्होल्टेज कळत असल्याने तो चार्जिंग थांबवत नाही. मग त्या गटातील सेल मर्यादेबाहेर तापतात, आणि एक पेटला की शेजारचेही पेट घेऊ शकतात. प्रत्येक गटाचे व्होल्टेज तपासून वेळेवर प्रवाह तोडणारे बीएमएस (बॅटरी मॅनेजमेंट सिस्टिम) सर्किट म्हणूनच अत्यावश्यक आहे. जुन्या लॅपटॉपच्या बॅटऱ्या फोडून काढलेले, निरनिराळ्या झिजेचे सेल एकत्र बांधणे मला तरी मुळीच मान्य नाही. सेलवर थेट सोल्डरिंग करणेही टाळावे, कारण त्या उष्णतेने सेलला आतून इजा होते. निकेलच्या पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनेच जोडाव्यात.

दुसरी गोष्ट आसाची. मोटर चाकाला पुढे फिरवते तेव्हा तितक्याच जोराने आसाला उलट पिळते. आस फिरू नये म्हणून त्याला सायकलच्या सांगाड्याशी जखडणारी पट्टी, म्हणजे टॉर्क आर्म, मी बसवला नव्हता. पहिल्याच मोठ्या चढावर मोटर बसवलेल्या पुढच्या चाकाचा आस फोर्कच्या (चाक धरणाऱ्या दुहेरी दांड्याच्या) खाचेत गर्रकन फिरला आणि आसातून निघणाऱ्या वायरी पिळवटून तुटल्या. सुदैवाने फोर्क पोलादी होता. ॲल्युमिनियमची खाच अशा वेळी तुटून चाकच निसटू शकते. ब्रेक दाबताच मोटर बंद करणारे लिव्हरही हवेतच.

अशा सायकलींविषयी यापुढे मजकूर छापताना त्या पॅकला बीएमएस आणि फ्यूज आहे का, टॉर्क आर्म बसवला आहे का, हे बनवणाऱ्याला आवर्जून विचारावे आणि त्याचे उत्तरही छापावे, ही विनंती.

आपला,
एक सायकलस्वार वाचक