शाळेचं शेवटचं वर्ष

संपादक महोदय, स.न.

तुमच्या पेपरात शाळेच्या आठवणी येतात त्या बहुतेक इंदूरच्या मोठ्या शाळांच्या असतात, पण इथल्या कितीतरी मराठी घरांतले लोक देवाससारख्या गावांत शिकलेत, त्यांचंही येऊ द्या. मी देवासचा. शाळेत सगळं हिंदी, घरी मराठी, आणि शेवटच्या वर्षी नवरात्रात सगळी बॅच मिळून टेकडी चढलो, तुळजाभवानी आणि चामुंडा दोघींचं दर्शन घेतलं, वरून आपली शाळा कुठली ते शोधत बसलो, मग बोर्डाचं टेन्शन कुठल्याकुठे! 1974 मधे बँक नोट प्रेस सुरू झाली तशी वर्गात दूरदूरची मुलं आली, त्यांच्या डब्यातली इडली आम्ही पहिल्यांदा तिथेच खाल्ली, त्या बदल्यात आमचे पोहे जायचे. कुमार गंधर्व गावातच राहायचे, रस्त्यात दिसले की गलका एकदम बंद, कुणी सांगावं लागायचं नाही. हे मला फार मोठं वाटतं. सेंडऑफच्या ग्रुप फोटोत सर मधे आणि आम्ही मागे बाकांवर उभे. असे फोटो घरोघरी खराब होतायत, तुम्ही रविवारी एक तरी छापा, नावं आम्ही कळवू.

– एक वाचक, इंदूर