तो अंगठा मी मागे घेतो

पुणे, रविवार दुपार

प्रिय शिऱ्या,

तीन आठवड्यांपूर्वी तू तुझ्या मोबाइलच्या दुकानातून विचारलं होतंस, "राजा मागे लागलाय, त्याच्या बायकोच्या, मेधाच्या फोनात मेसेज बघायचं ॲप टाकून देऊ का?" मी कोर्टाच्या गडबडीत होतो. वाटलं, राजाची नेहमीची नाटकं. उत्तरादाखल तुला नुसता अंगठा पाठवला आणि विसरलो. काल राजा घरी येऊन गेला. चहा संपायच्या आत खिशातून फोन काढून म्हणाला, "हे बघ, सगळं येतं इथं." मी त्याचा फोन टेबलावर पालथा घातला. तेव्हापासून तो अंगठा काही डोक्यातून जात नाही.

ॲप तूच टाकलंस की त्याने दुसरीकडे जाऊन टाकून घेतलं, हे मला लिहून कळवू नकोस. गंमत म्हणून सांगत नाहीये. तू माझा अशील नाहीस, त्यामुळे तुझ्या-माझ्या चॅटला वकील-अशील गोपनीयतेचं संरक्षण नाही. काय ते समोरासमोर बोलू. तब्येत ठीक, गुडघा आहे तसाच.

तुझ्यापुरतं आधी सांगतो. माहिती तंत्रज्ञान कायदा, २०००, याचं कलम ४३ काढ. मालकाच्या किंवा ताबा असलेल्याच्या परवानगीशिवाय यंत्रात शिरणं, त्यातली माहिती उतरवून घेणं, त्यात नको ते सॉफ्टवेअर सोडणं, हे सगळं त्यात आहेच. पण त्याच कलमात 'ग' पोटकलम आहे: असं शिरायला दुसऱ्याला मदत करणारा. म्हणजे दोनशे रुपये घेऊन ॲप टाकून देणारा दुकानदार. "मी फक्त इन्स्टॉल केलं, वाचलं काही नाही" हा बचाव तिथे टिकत नाही. हेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा लबाडीने केलं असेल तर कलम ६६ लागतं: तीन वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. राजाचा वकील 'अप्रामाणिकपणे' या शब्दावर भांडेल, आणि तिथे भांडायला खरंच जागा आहे. पण ते भांडण चालू असताना फोन जप्त होतो, दुकानात पंचनामा होतो आणि गल्लीभर बभ्रा होतो, ते वेगळंच.

राजा म्हणाला, "फोन मी घेतलाय, बिल माझ्या नावावर आहे." हे सगळेच म्हणतात. बिल म्हणजे फार तर डबा त्याचा. त्यातलं व्हॉट्सॲप खातं, गूगल खातं मेधाचं, आणि फोन रोज तिच्या ताब्यात. शिवाय भारतीय न्याय संहितेचं कलम ७८ फोन कुणाचा हे विचारतच नाही. स्त्री इंटरनेट, ईमेल किंवा दुसरं कुठलं इलेक्ट्रॉनिक साधन कसं वापरते यावर पुरुषाने पाळत ठेवली, तर तो पाठलागाचा गुन्हा. पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत, जामीनपात्र; दुसऱ्यांदा पाच वर्षांपर्यंत, अजामीनपात्र. गुन्हा रोखण्याचं काम सरकारने सोपवलेला माणूस वगैरे अपवाद आहेत. 'नवरा' हा अपवाद त्या यादीत नाही, मी पुन्हा वाचून खात्री केली.

आणि तिचं कुलूप उघडलं कसं? झोपेत तिचं बोट लावून. हे त्याने अभिमानाने सांगितलं, शिऱ्या! दुसऱ्याचा पासवर्ड किंवा तसली ओळखखूण लबाडीने वापरली तर त्याच आयटी कायद्याचं कलम ६६क (66C) आहे, तीन वर्षं आणि लाखापर्यंत दंड. एका अंगठ्यापायी मी पत्र लिहितोय, दुसऱ्या अंगठ्यापायी तो आत जायचा.

तू म्हणशील, हा वकील आता घाबरवतोय. मग दुसरी बाजूही ऐक. महाराष्ट्रातच २०११ साली एक प्रकरण झालं. सुनेने नवऱ्याची आणि सासऱ्याची ईमेल खाती परवानगीवाचून उघडली आणि त्यातला मजकूर छळाच्या तक्रारीसाठी पोलिसांना दिला. असली प्रकरणं राज्याच्या आयटी सचिवांपुढे चालतात; पाच कोटींपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात. त्यांनी ठरवलं की कलम ४३ मोडलं, पण मजकूर पोलीस आणि कोर्टापलीकडे गेला नाही, म्हणून भरपाई नाही. सरकारी तिजोरीत शंभर रुपये भरायचे, बस. राजाला हे सांगू नकोस, तो शंभराची नोट घेऊनच माझ्याकडे येईल. त्या बाईने खाती उघडून कागद तपासयंत्रणेच्या हातात दिले. हा रोज रात्री अंथरुणात पडून बायकोचे मेसेज वाचतो. दोन्हीत फरक आहे, आणि न्यायाधीशालाही तो दिसतो.

आता राजाचा हुकमाचा पत्ता. कुठल्याशा ग्रुपवर आलेला फॉरवर्ड: "सुप्रीम कोर्टाने नवरा-बायकोची हेरगिरी कायदेशीर ठरवली." असं काही ठरवलेलं नाही. १४ जुलै २०२५ च्या त्या निकालात नवऱ्याने बायकोशी झालेलं स्वतःचंच बोलणं चोरून रेकॉर्ड केलं होतं. जोडीदारांमधलं बोलणं झाकणारं जुन्या पुरावा कायद्याचं कलम १२२ आपसातल्या दाव्यात आड येत नाही, म्हणून ते रेकॉर्डिंग घटस्फोटाच्या दाव्यात पुरावा म्हणून वाचता येईल, एवढंच न्यायालय म्हणालं. पुरावा चालतो म्हणून तो मिळवण्याची रीत माफ होते, असं नाही. हे जुनंच आहे. मुंबईच्या कोरोनरचं (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं) मलकानी प्रकरण, १९७२, आपल्याला कॉलेजात होतं. तू मागच्या बाकावर झोपला होतास. चुकीच्या रीतीने मिळालेला पुरावाही वाचता येतो, हे तेव्हाच सांगून झालंय. राजाकडे जे आहे ते त्याचं बोलणंही नाही. मेधाचं तिच्या बहिणीशी, शाळेतल्या बाईंशी, डॉक्टरांशी. बायकोचे फोन चोरून रेकॉर्ड करणाऱ्या नवऱ्याला आंध्र उच्च न्यायालयाने सरळ सांगितलं होतं की हा तिच्या खासगीपणावर घाला आहे. आणि २०१७ पासून खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितलेला.

खुद्द सरकारला काय करावं लागतं ते बघ. फोन टॅपिंगवरच्या सुप्रीम कोर्टाच्या १९९६ च्या निकालानंतर, आणि आता दूरसंचार कायदा, २०२३ व त्याखालच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे, मेसेज अडवायचा तर केंद्राच्या किंवा राज्याच्या गृहसचिवांचा लेखी, कारणांसह आदेश लागतो. तो ६० दिवस चालतो, वाढवून वाढवून १८० दिवस, आणि वर पुनर्विलोकन समिती. बेकायदा संदेश अडवणाऱ्याला त्याच कायद्याच्या कलम ४२ मध्ये तीन वर्षांपर्यंत कैद, दोन कोटींपर्यंत दंड, किंवा दोन्ही आहे. राजाच्या घरात गृहसचिव, समिती आणि हवालदार, सगळं एकटा राजा.

पण त्याचं खरं पितळ उघडं पडेल ते प्रमाणपत्रापाशी. इलेक्ट्रॉनिक पुरावा नुसता स्क्रीनशॉट छापून देता येत नाही. जालन्याच्या खोतकर-गोरंट्याल निवडणूक खटल्यात २०२० साली प्रमाणपत्र सक्तीचं असल्याचं पक्कं झालं (तीही तारीख १४ जुलैच, योगायोग). आता जुन्या पुरावा कायद्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ खाली त्याचे दोन भाग आहेत: 'अ' देणाऱ्याचा, 'ब' तज्ज्ञाचा. त्यात फाइलचं हॅश मूल्य (फाइलचा डिजिटल ठसा) आणि ती कुठल्या यंत्रातून निघाली हे सहीनिशी लिहायचं. म्हणजे राजाला स्वतःच्या सहीने लिहून द्यावं लागेल की अमुक ॲपच्या पॅनलवरून, माझ्या फोनवर, तिच्या नकळत. पुरावा आणि कबुलीजबाब एकाच कागदावर. समोरचा वकील पेढे वाटेल.

त्याला खरोखर काही सिद्ध करायचं असेल तर कुटुंब न्यायालयात अर्ज करून कंपनीकडून कॉल नोंदी मागवायला सांग. कुणाला, कधी, किती वेळ, एवढंच त्यात असतं, मजकूर नसतो. कंपन्यांनी त्या किमान दोन वर्षं ठेवायच्या असतात, म्हणून उशीर नको. तिथेही "हिचा पासवर्ड द्यायला लावा" म्हणून भागत नाही. नवरा बायकोला पासवर्ड द्यायला भाग पाडू शकत नाही, असं छत्तीसगड उच्च न्यायालयाने २०२५ मध्येच म्हटलंय.

आणखी एक, जे तुला दुकानदार म्हणून माझ्याहून जास्त कळतं. ते मेसेज राजाकडे सरळ येत नाहीत. आधी ॲप कंपनीच्या सर्व्हरवर जातात. त्यात बँकेचे ओटीपी, मेधाच्या आईचे रिपोर्ट, सगळं. पोलंडचं लेटमीस्पाय हे असलंच ॲप जून २०२३ मध्ये फुटलं, लोकांचे मेसेज आणि ठावठिकाणे बाहेर पडले आणि ॲपच बंद झालं. राजा वाचतो म्हणजे एकटा राजाच वाचतो, असं नसतं.

मेधा उद्या तुझ्याच दुकानात येईल. बॅटरी उतरते, फोन तापतो, डेटा लवकर संपतो, एवढंच म्हणेल. तू लगेच ॲप उडवू नकोस. दोन कारणं. ॲप गप्प झालं की पलीकडे राजाला कळतं, आणि घरी काय होईल ते मेधाने आधी ठरवायला हवं. दुसरं, फॅक्टरी रीसेट मारलास तर पुरावाही गेला. तिला एकटीला बसव आणि सगळं दुसऱ्या फोनने फोटो काढत बघ. व्हॉट्सॲपात जोडलेली उपकरणं: चारपर्यंत जोडता येतात. गूगल मेसेजेसचं कॉम्प्युटरशी जोडलेलं सत्र. सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी, नोटिफिकेशन ॲक्सेस, डिव्हाइस ॲडमिन. 'सिस्टीम सर्व्हिस' वगैरे साळसूद नावाने तेच तिथे बसलेलं असतं. गूगलचं ॲप तपासणारं प्ले प्रोटेक्ट बंद आहे का आणि अनोळखी ॲप टाकायची परवानगी कुणाला दिलीय, तेही. आयफोन असेल तर टेक्स्ट मेसेज फॉरवर्डिंग. तारखा लिहून ठेव. तिने काढ म्हटलं तरच काढ: आधी डिव्हाइस ॲडमिन बंद, मग अनइन्स्टॉल, आणि पासवर्ड दुसऱ्याच यंत्रावरून बदल, नाहीतर नवा पासवर्डही पलीकडे जातो. स्टार-हॅश-२१-हॅश डायल करून 'टॅपिंग कळतं' असं सांगणाऱ्यांच्या नादी लागू नकोस, त्यात फक्त कॉल फॉरवर्ड दिसतो. तिला घरी भीती वाटत असेल तर महिला हेल्पलाइन, १८१.

तू आत्ता हसत असशील, की हे सांगतोय कोण, तर हॉस्टेलवर ज्याचं आंतर्देशीय तू चहाच्या वाफेवर उघडलं होतंस तो. हो, तोच. सहा महिने बोललो नव्हतो तुझ्याशी, आणि पत्रात होतं काय, तर आईने मागवलेलं कुळीथ पीठ. तरीही तू ते पत्र परत चिकटवलं होतंस भाताच्या शिताने, याचा राग मला आजही आहे. मेधा तेव्हा माझ्या बाजूने भांडली होती तुझ्याशी. राजा गप्प होता.

राजा वाईट नाही. काल जाताना दारात चप्पल घालताना म्हणाला, "काहीच सापडलं नाही रे अजून." 'अजून' म्हणाला. मी काय बोलणार?

चिनूला फोन दिलास म्हणे, अभिनंदन आणि सांत्वन. गूगलचं फॅमिली लिंक टाक, पण तिला दाखवून. त्यात वेळ आणि ॲप दिसतात, मेसेज दिसत नाहीत, ते बरंच आहे. दुकानाचं भाडं वाढलं का? वहिनींचा बीएडचा निकाल काय? काकूंना नमस्कार.

राजा पुढच्या शनिवारी परत येतो म्हणालाय. त्याआधी तू ये, शुक्रवारी रात्रीच्या गाडीने. त्याला सांगायचं ते दोघांनी मिळून सांगू, मी एकटा बोललो की त्याला ते कोर्ट वाटतं. आणि त्या चॅटमधला माझा अंगठा तू खोडू नकोस, मीही खोडत नाही. पुसलेल्या गोष्टी जास्त दिसतात.

तुझा,
बाळ्या