मांडीचं माप आणि जिद्दीचे मथळे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या क्रीडा पानावर दुखापतीतून उठून पुन्हा मैदानात उतरलेल्या एका फुटबॉलपटूची बातमी वाचली. बातमी चांगली होती, पण चार रकान्यांत 'जिद्द' हा शब्द मी सात वेळा मोजला. त्या पोराच्या ऑपरेशनचा खर्च कोणी केला, तो घरी बसून होता तेव्हा पैसे कुठून येत होते, याची एक ओळही नव्हती. म्हणून हे पत्र.

मी रेल्वेतून निवृत्त झालेला माणूस. भुसावळला फिटर होतो, संध्याकाळी आमच्या खात्याच्या संघातून लेफ्ट बॅक खेळायचो. पाय मुरगळला, पडून राहिलो, तरी एक तारखेला पगार व्हायचा. त्याचं तेव्हा काही वाटलं नाही. मुलगा फुटबॉलवर पोट भरायला निघाला तेव्हा कळलं, आपण खेळलो तो खेळच वेगळा होता.

पंधराव्या वर्षी तो एका मोठ्या शहरातल्या अकादमीत गेला. अठरा पुरी व्हायच्या आत माझ्या फोनवर निरोप आला, 'पुढील हंगामासाठी आपल्या पाल्याचा विचार केलेला नाही.' बस, एवढंच. तो चाळीसगावला उतरला तेव्हा मे महिन्यातली भर दुपार होती, रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. तरी हा रिक्षा न करता, खांद्यावर बॅग टाकून मागच्या गल्लीने चालत आला. कोणी पाहू नये म्हणून. पण आमच्या गल्लीत काय लपतं? ओट्यावर बसलेल्या म्हातारीने हटकलंच, "कव्हय उना रे भाऊ? परत कव्हय जाशी?" कधी आलास, परत कधी जाणार, हे तिने मायेनेच विचारलं. पोरगा आठ दिवस घराबाहेर पडला नाही.

पुढे एका छोट्या क्लबने घेतलं, एका हंगामाच्या करारावर. एकविसाव्या वर्षी डावा गुडघा गेला. कोणाचा धक्का नाही, काही नाही. वळताना बूट गवतात अडकला आणि गुडघा आतल्या आत फिरला. लिगामेंट तुटलं होतं. करार एप्रिलमध्ये संपला आणि क्लबचे फोनही संपले. ऑपरेशन नाशिकला, माझ्या फंडाच्या पैशातून.

या ऑपरेशननंतर मांडीचा पुढचा स्नायू डोळ्यांदेखत झडतो. टाचेखाली टॉवेलची घडी ठेवायची, गुडघा खाली दाबायचा, दहा आकडे मोजायचे, सोडायचा. दिवसभर हेच. त्याची आई शिवणकाम करते. ती दर रविवारी मशीनवरची टेप घेऊन बसायची, गुडघ्याच्या वाटीपासून चार बोटं वर दोन्ही मांड्या मोजायची आणि जुन्या कॅलेंडरच्या मागे लिहायची. पहिल्या रविवारी उजवी साडेवीस इंच, डावी अठरा. पुढचे सहा रविवार डावी अठराच. सातव्याला तिने सव्वाअठरा लिहिलं. त्याने टेप ओढून स्वतः मोजलं. अठरा. "शिंपीण असून माप चोरतेस काय गं?" म्हणाला आणि हसला. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

आता ती माणसं घ्या ज्यांची नावं सगळ्यांना ठाऊक आहेत. इंग्लंडच्या जेमी वार्डीला शेफील्ड वेन्स्डे क्लबने सोळाव्या वर्षी काढून टाकलं. दिवसा कारखान्यात काम आणि आठवड्याला 30 पौंडांवर स्टॉक्सब्रिजच्या संघातून फुटबॉल, असं त्याचं चाललं होतं. 2012 मध्ये लेस्टर सिटीने त्याला घेतलं, पण पहिल्याच हंगामात गोल होईनात, तेव्हा तो खेळ सोडायला निघाला होता. व्यवस्थापक नायजेल पिअर्सन यांनी समजूत काढून थांबवलं. 2016 मध्ये लेस्टर इंग्लंडची सर्वात वरची स्पर्धा, प्रीमियर लीग, जिंकलं ते सगळ्यांना आठवतं. कारखान्यातला पगार आणि पिअर्सन कोणाला आठवत नाहीत.

स्पेनचा सांती काझोर्ला 636 दिवस खेळला नाही. घोट्याच्या जखमेत जंतू शिरले, टाचेवरच्या टेंडनचे, म्हणजे स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीचे, काही सेंटिमीटर खाऊन गेले, ऑपरेशनवर ऑपरेशन झाली. तो अंथरुणात असताना त्याच्या क्लबने, इंग्लंडच्या आर्सेनलने, त्याचा करार वर्षभर वाढवला. जिद्द त्याची होतीच, पण ती धरून ठेवायला त्याला कोणीतरी वेळ विकत घेऊन दिला होता. आमच्याकडे तो वेळ फंडातून आला, आणि फंड काही सगळ्यांच्या घरी नसतो.

काही वेळा तर खेळाडूचा दोष औषधालाही नसतो. सुनील छेत्रीचं 2009 मध्ये इंग्लंडच्या क्वीन्स पार्क रेंजर्स क्लबशी ठरलं होतं. फिफाच्या, म्हणजे जागतिक फुटबॉल संघटनेच्या, क्रमवारीत भारत पहिल्या 70 मध्ये नाही म्हणून ब्रिटनने कामाचा परवाना नाकारला. त्याने आणखी किती गोल करायचे होते? आपल्या महाराष्ट्रात 2005-06 ची राष्ट्रीय लीग जिंकलेला महिंद्रा युनायटेड 2010 मध्ये बंद झाला. पुण्याचा डीएसके शिवाजियन्स 2017 मध्ये, एफसी पुणे सिटी 2019 मध्ये. 2025 मध्ये तर स्पर्धा चालवण्याच्या हक्कांच्या करारावरून देशातली सर्वात वरची इंडियन सुपर लीगच अडकली आणि काही क्लबांनी पगार थांबवले. गुडघा धडधाकट आणि क्लबच नाही, अशा पोराने कोणाच्या नावाने जिद्द करायची?

म्हणून माझी एक विनंती आहे. धुळे-जळगाव-नंदुरबारची पोरं अकादम्यांकडे जायला लागली आहेत. आई-बाप कागद न वाचता सही करतात, मीही केली होती. फिफाच्या नियमात अठरा वर्षांखालच्या खेळाडूशी 3 वर्षांहून जास्त मुदतीचा करार चालत नाही. दोन महिन्यांचा पगार थकला तर क्लबला लेखी कळवून किमान 15 दिवसांची मुदत द्यायची, तरी दिला नाही तर खेळाडूला करार मोडता येतो. भारतात खेळाडूंची संघटनाही 2006 पासून आहे. हे मला त्याच्या बावीसाव्या वर्षी कळलं, तेही दवाखान्यातल्या बाकावर शेजारी बसलेल्या दुसऱ्या एका खेळाडूच्या बापाकडून. आपल्या पानावर हे महिन्यातून एकदा छापून आलं असतं तर? आणि परतलेल्या खेळाडूची बातमी कराल तेव्हा दोन प्रश्न विचारा: मधल्या काळात घर कोणी चालवलं, आणि दुखापत झाल्यावर क्लबमधून पहिला फोन कोणाचा आला, की आलाच नाही.

मुलगा आता सत्तावीसचा आहे. एका खात्याच्या संघातून खेळतो, पगार वेळेवर होतो. सुट्टीवर आला की पहाटे गल्लीतली दहा-बारा पोरं घेऊन मैदानावर जातो. डावी मांडी अजून पाव इंच कमी आहे.

पत्र छापलंत तर माझं नाव घालू नका. बापाने मांडीचं माप पेपरात दिलं हे कळलं तर तो फोन उचलणार नाही.

आपला,
रेल्वेचा एक निवृत्त फिटर, चाळीसगाव