ग्रामपंचायती एकत्र करायच्या आधी जरा हायलँड बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात एका वाचकाचं पत्र आलं होतं, की हजार-दीड हजार वस्तीच्या ग्रामपंचायती काय कामाच्या, दहा गावांची मिळून एक करा, खर्च वाचेल, युरोपात असंच असतं वगैरे. ते पत्र मी मोबाईलवर वाचलं तेव्हा नेमका त्याच युरोपात बसलो होतो. मी अकोले तालुक्यात एकतीस वर्षं ग्रामसेवक होतो, आता रिटायर आहे. मुलगी इथं स्कॉटलंडमध्ये इन्व्हरनेसला नर्स आहे, नात झाली म्हणून आम्ही दोघं आलोय. रिकामा माणूस, दुसरं काय करणार, तर आल्या दिवसापासून एकच शोध लावलाय की बाबा इथली ग्रामपंचायत कुठंय. ती सापडली नाही. कारण ती नाहीच!

आधी जागेचा अंदाज यावा म्हणून सांगतो. अख्ख्या स्कॉटलंडमध्ये ३२ कौन्सिल आहेत, म्हणजे आपली झेडपी आणि नगरपालिका एकत्र केली तर जे होईल ते. त्यातली सगळ्यात मोठी ही हायलँड. क्षेत्रफळ साधारण २५,६५० चौरस किलोमीटर, स्कॉटलंडचा जवळजवळ तिसरा हिस्सा, वेल्स हा देश यात मावून जागा उरेल. आपला नगर जिल्हा (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच येतं) महाराष्ट्रात सगळ्यात मोठा, १७,०४८ चौरस किलोमीटर, त्याच्या दीडपट ही कौन्सिल. आणि लोक किती? दोन लाख पस्तीस हजारांच्या आसपास. आमच्या जिल्ह्यात २०११ लाच पंचेचाळीस लाख होते. इथं चौरस किलोमीटरला नऊ माणसं पडतात, मेंढ्या मोजायच्या राहू द्या.

भूगोल मात्र बघताक्षणी ओळखीचा वाटला. पश्चिमेचा वारा समुद्रावरून येतो, डोंगराला आपटतो, तिकडं फोर्ट विल्यमला कायम धो धो नाहीतर रिपरिप, आणि पूर्वेला नेर्न म्हणून गाव आहे ते स्कॉटलंडातल्या कोरड्या गावांपैकी एक. म्हणजे घाटघर आणि संगमनेरच की! बाकी बेन नेव्हिस ब्रिटनमधलं सगळ्यात उंच शिखर म्हणून जावयाने लई कौतुकाने दाखवलं, १,३४५ मीटर. मी म्हणलं आमचं कळसूबाई १,६४६ आहे, आमच्या आया नवरात्रात अनवाणी चढतात. जावई गप्प बसला. (पुण्याचा आहे.)

मधोमध जमिनीला एक चीर गेलीये, फोर्ट विल्यमपासून इन्व्हरनेसपर्यंत तिरकी, त्याच चिरेत ते राक्षसाचं लॉक नेस तळं. चिरेतली तळी जोडून १८२२ मध्ये कालवा सुरू केला, बोटी इकडच्या समुद्रातून तिकडच्या समुद्रात जातात. पश्चिमेचा किनारा म्हणजे कुणीतरी कागद फाडावा तसा, समोर दिसणारं गाव हाकेच्या अंतरावर पण मध्ये खाडी, वळसा घालून जायचं तर तास-तास. म्हणून कॉरन नावाच्या ठिकाणी ही कौन्सिल स्वतः गाड्या वाहायची फेरीबोट चालवते. पाच मिनिटांचा प्रवास, ती बंद पडली की पलीकडच्यांचे हाल. शाळा, रस्ते, कचरा, घरं बांधायची परवानगी, सोबत बोटसुद्धा, सगळं एकाच ऑफिसकडे, आणि ते ऑफिस इन्व्हरनेसला.

आता मुद्द्यावर येतो. हे पहिल्यापासून असं नव्हतं. १९७५ पर्यंत स्कॉटलंडमध्ये चारशेच्या वर लहान-मोठ्या स्थानिक संस्था होत्या. टेन, डॉर्नॉक, विक, क्रोमार्टी असल्या छोट्या छोट्या गावांना स्वतःची टाउन कौन्सिल, स्वतःचा प्रोव्होस्ट म्हणजे नगराध्यक्ष. काही गावांना हा मान राजाच्या सनदेने शेकडो वर्षांपूर्वी मिळालेला. मग कमिशन बसलं, म्हणलं हे फार झालं, आणि १९७५ ला सगळं पुसून ९ रीजन, त्यांच्या खाली ५३ डिस्ट्रिक्ट, आणि बेटांच्या ३ वेगळ्या कौन्सिल असं केलं. हायलँड रीजनमध्ये ८ डिस्ट्रिक्ट होते, केथनेस, सदरलँड, स्काय, नेर्न वगैरे, म्हणजे आपल्या तालुका पंचायत समितीसारखं काहीतरी तरी होतं. १ एप्रिल १९९६ ला तीही पातळी काढली. खर्च वाचेल, लोकांना कळायला सोपं जाईल, हेच कारण, तुमच्या पत्रलेखकाने दिलंय तेच. आता खाली काहीच नाही. नगरमधल्या सगळ्या पंचायत समित्या आणि तेराशेच्या घरातल्या ग्रामपंचायती उठवून सगळा कारभार नगरच्या झेडपीत नेऊन ठेवला तर कसं होईल, तसं.

सदस्य किती, तर ७४. वॉर्ड २१. एका वॉर्डात तीन किंवा चार नगरसेवक. निवडणूक पसंतीक्रमाची, म्हणजे आपल्याकडे पदवीधर-शिक्षक मतदारसंघात १, २, ३ आकडे टाकतो ना तशी, २००७ पासून. ही पद्धत मला आवडली, खरं सांगतो. आपल्या महापालिकांच्या चार सदस्यांच्या प्रभागात बहुतेक वेळा एकाच पक्षाचं अख्खं पॅनल निघून येतं, इथं तसं सहसा होत नाही, एकाच वॉर्डात तीन पक्षांचे तीन लोक बसलेले असतात. २०२२ मध्ये एसएनपीचे (स्कॉटिश नॅशनल पार्टी, इथला मोठा पक्ष) २२ आले आणि अपक्ष २१! अपक्षांचा एवढा मान मी फक्त आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत बघितलाय. आणि एक गोष्ट तिकडच्या वाचकांना माहीत नसेल, मुलीचा पासपोर्ट भारताचा आहे तरी तिला या कौन्सिलला मतदान करता येतं, स्कॉटलंडमध्ये कायदेशीर राहणाऱ्या परदेशी माणसाला तो हक्क आहे, आणि वय १६ पासून.

पण निवडून आलेला माणूस बिचारा करणार काय. वायव्य टोकाचा जो सदरलँडचा वॉर्ड आहे तिथं सहा हजारांच्या आसपास लोक आणि तीन सदस्य, ऐकायला मस्त वाटतं, पण ही वस्ती पसरलीये कुठंवर ते बघा. आम्ही मागच्या महिन्यात डरनेसला गेलो होतो, वरच्या समुद्राला लागून गाव, इन्व्हरनेसपासून दीडशे किलोमीटरच्या वर. पुढं पुढं रस्ता एकेरी होतो, एकच गाडी जाईल एवढा, मध्ये मध्ये पोटासारखी फुगलेली जागा आणि पांढरी पाटी, समोरून गाडी आली की त्या पोटात शिरून थांबायचं, जाणारा स्टेअरिंगवरून एक बोट उचलतो, आपणही उचलायचं. मुलगी दोन तास बोटं उचलत होती. एका वळणावर मेंढ्या बसलेल्या, हॉर्न दिला तर एक उठली, आमच्याकडे बघितलं आणि परत बसली. असल्या रस्त्याने मीटिंगला यायचं! आता ऑनलाईन बसता येतं म्हणा, आणि भागवार कमिट्या पण केल्यात कौन्सिलने, नाही असं नाही. तरी पैसा आणि मोठे निर्णय मधल्या ऑफिसातच.

बरं, हा मुलूख एवढा ओसाड का, तेही समजून घ्या. एकोणिसाव्या शतकात इथल्या जमीनदारांनी मेंढ्या पाळायला गावंच्या गावं उठवली, स्ट्रॅथनेव्हरच्या खोऱ्यात १८१४ आणि १८१९ ला घरं जाळून लोक हाकलले. कुणी कॅनडाला गेलं, कुणी किनाऱ्याला. त्याच्याही आधीपासून पोरं फौजेत जात होती, १७९३ ला इथं उभी राहिलेली ७८ नंबरची हायलँडर पलटण १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यात असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढली. इन्व्हरनेसजवळ फोर्ट जॉर्जला म्युझियम आहे, तिथं त्यांच्या बिल्ल्यावर हत्ती आणि खाली असईचं नाव. मी तिथं बराच वेळ उभा राहिलो, बायको म्हणली चला आता.

गावाच्या पातळीवर काहीच नाही म्हणलं ते पूर्ण खरं नाही. कम्युनिटी कौन्सिल म्हणून एक प्रकार आहे, हायलँडभर दीडशेच्या आसपास. मुलीच्या ओळखीच्या बाईंमुळे एका गावातल्या मीटिंगला जाऊन बसायला मिळालं. गावाच्या हॉलमध्ये आठ माणसं, चहा, बिस्किटं, एक म्हातारा कोट घालूनच बसलेला कारण हीटर लांब. विषय पवनचक्क्या, दारूचं लायसन आणि बस स्टॉपचं छप्पर. चर्चा अशी अभ्यासून की आमच्या ग्रामसभेने लाजावं. पण यांना घरपट्टी लावता येत नाही, पाणीपट्टी नाही, माणूस नेमता येत नाही, बांधकामाला परवानगी देता येत नाही. त्यांचं मत विचारावं लागतं एवढंच. पगार शून्य, वर्षाला कागदपत्राच्या खर्चापुरते पैसे. घरपट्टी म्हणजे कौन्सिल टॅक्स तो वरची कौन्सिल घेते, त्यातली गंमत म्हणजे घराची किंमत अजून १९९१ च्या भावाने धरतात. आमचा नमुना नंबर ८ (घरपट्टी आकारणीची वही) तरी चार वर्षांनी हलतो हो!

आणखी एक गोष्ट मला फार लागली. जुन्या टाउन कौन्सिलांच्या मालकीच्या ज्या जागा, इमारती, मोकळी मैदानं होती त्याला इथं कॉमन गुड म्हणतात, आपलं गायरान समजा. संस्था बंद झाल्या आणि ते सगळं मोठ्या कौन्सिलच्या ताब्यात गेलं. हिशोब वेगळा ठेवावा लागतो, तिथल्या लोकांसाठीच वापरायचं असा नियम आहे, पण ठराव करणारे लोक गावचे नाहीत. गायरानाचा ठराव नगरला बसून झाला तर आपल्याकडे काय होईल, मी सांगायची गरज नाही.

म्हणून मग लोकांनी दुसरा रस्ता काढला. एग म्हणून छोटं बेट आहे, शंभरेक वस्ती, अख्खं बेट एकेका मालकाच्या खिशात असायचं. १९९७ ला लोकांनी वर्गणी काढून बेटच विकत घेतलं, ट्रस्ट केला, त्यात हायलँड कौन्सिल पण भागीदार. २००८ पासून त्यांची स्वतःची वीज आहे, पाणी, वारा, सूर्य तिन्हीवर, एका घराने एका वेळी ५ किलोवॅटच्या वर ओढायची नाही असा आपसात नियम. आता मला सांगा, ही ग्रामपंचायत नाही तर काय आहे? फक्त ती त्यांना घटनेने दिली नाही, पैसे मोजून घ्यावी लागली. आपल्याला ७३ व्या दुरुस्तीने फुकट मिळाली तर आपण म्हणतोय एकत्र करा.

आमच्या ग्रामपंचायती काही देवळं नाहीत, मला सांगू नका. ठेकेदार सरपंच मी पाहिलेत, ग्रामसभेला कोरम नाही म्हणून संध्याकाळी वहीवर घरोघर फिरून सह्या घेतलेल्या मीच. १५ ऑगस्टच्या सभेत दिवाबत्तीवरून झालेली मारामारी पण आठवते. पण दिव्यासाठी भांडायला समोर माणूस होता, रात्री अकराला माझ्या दारावर थाप मारून भाऊसाहेब खांबावरचा लाईट गेलाय म्हणणारा होता. पत्रलेखकाने खर्च वाचेल असं लिहिलंय तर किती वाचेल आणि दहा गावांचं ऑफिस कोणत्या गावात ठेवणार, एवढं तरी पुढच्या पत्रात लिहावं. आमच्या भागात पावसाळ्यात एका वाडीतून दुसऱ्या वाडीत जायचं म्हणजे काय ते त्यांना बहुतेक माहीत नसावं.

त्या मीटिंगनंतर मी तिथल्या सेक्रेटरी बाईंना मुलीमार्फत विचारलं, की छपराचा ठराव झाला, सूचक-अनुमोदक झाले, आता पुढं काय. त्या म्हणल्या आता कौन्सिलला ईमेल लिहायचा. मी विचारलं, शिक्का कुठला मारता? त्यांना प्रश्नच कळला नाही. मुलीने दोनदा समजावून सांगितलं, मग त्या हसल्या आणि मला अजून एक बिस्किट दिलं.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रामसेवक
ता. अकोले, जि. अहिल्यानगर (सध्या मुक्काम इन्व्हरनेस)