पोळपाट मीच नेलाय

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

आई, पोळपाट शोधू नकोस. दिवाळीहून परतताना मीच पिशवीत घातला. विचारलं असतं तर "जुनाट कशाला, नवा घे की" म्हणाली असतीस, आणि मला जुनाच हवा होता.

बाबा, शाहू स्मारकच्या कलादालनात माझी चित्रं लागायचं नक्की झालं. फोटो बघून तुम्ही फोनवर म्हणालात, "आबालाल रहिमानांच्या चित्रात कोटितीर्थाचं तळं दिसतंय. तुझ्यात नुसती वर्तुळं. आणि मधी पांढरं का सोडलंयस?" तेव्हा राग आला म्हणून गप्प बसले.

पांढरं मी सोडलेलं नाही. पोळपाटावर रोलरनं काळी शाई फिरवायची, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीनं घासायचं, की वर्तुळ उठतं. मधला भाग उठतच नाही. लाटून, घासून, धुऊन तिथं लाकडाला खळगा पडलाय. शाई आत पोचत नाही. चौतीस वर्षं, रोज सोळा चपात्या धरल्या तरी दोन लाखांच्या घरात जातात. म्हणून शाई एकदाच लावून सोळा ठसे घेते. सोळावा जेमतेम दिसतो. तो मला सगळ्यात आवडतो.

सरकारच्या २०१९च्या वेळ-वापर पाहणीत आपल्याच घरचं काम करणाऱ्यांत बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं निघाली, पुरुषांची ९७. बाबा, तुमचा रविवारचा पांढरा रस्सा मी धरलाय हं. भांडी मात्र आईच्याच खात्यात.

अमेरिकेत मिर्ली लॅडरमन युकेलीस या बाईनं १९७३ साली एका संग्रहालयाच्या पायऱ्या धुतल्या आणि हेच माझं कलाकाम म्हणून सांगितलं. आई, तुझं उत्तर मला ऐकू येतंय: "मी उंबरा रोज धुतोय, कोण बघायला येतंय?"

उद्घाटनाला दोघंही या. आई, लाडू करत बसायचं नाही, नुसती साडी नेसून यायचं.

पोळपाट चित्रांशेजारी भिंतीवर टांगणार आहे. शाई काही निघायची नाही, त्यामुळे आता त्यावर लाटणं होणार नाही. नवा आणायला बाबांना महाद्वार रोडला धाड. दुकानदार माप विचारेल आणि बाबांना ते माहीत नसणार. नऊ इंची, शिसवी. चिठ्ठीवर लिहून दे.

तुमची,
थोरली