पोट दुखतंय, शाळेत नाही जात

संपादक महोदय,

विदर्भातल्या शाळा जूनअखेरीस उघडल्या की सकाळची पोटदुखीही उघडते. डॉक्टरांना एकदा दाखवावंच. पण पुष्कळदा मूळ वर्गात असतं. दोन मुली कुजबुजून हसल्या, एवढंच घडलेलं. धास्तावलेलं मूल त्याचा एकच अर्थ लावतं: 'मलाच हसल्या.' दुसऱ्या दिवशी दांडी. घरी राहिलं की पोट दुखायचं थांबतं, आणि त्या सुटकेनेच दांडीची सवय पक्की होते. लावलेला अर्थ खरा की खोटा, हे तपासायचं राहूनच जातं.

१९९६ साली ऑस्ट्रेलियात पॉला बॅरेट आणि सहकाऱ्यांनी मुलांपुढे असेच संदिग्ध प्रसंग ठेवून 'तू काय करशील?' असं विचारलं. घरच्यांशी चर्चा झाल्यावर चिंताग्रस्त मुलांची 'तो प्रसंगच टाळेन' अशी उत्तरं कमी न होता वाढली! 'राहू दे बेटा, नको जाऊ' हे आपलं लाडाचं वाक्य त्यातलंच.

त्याऐवजी विचारावं, 'त्या हसल्या, याची आणखी तीन कारणं कोणती?' ती मुलानेच शोधायची; आपण पुरवली तर ते नुसतं 'हो हो' म्हणतं. मग छोटी पायरी: मधल्या सुट्टीत त्यांनाच गृहपाठ विचारायचा. छातीतली धडधड ओसरेपर्यंत तिथून हलायचं नाही, आणि चार-पाच दिवस तेच. पालक इथेच घाई करतात.

खरोखर कुणी छळत असेल, तर मात्र हा उपाय नव्हे. थेट वर्गशिक्षकांना भेटावं. शाळा बुडतच राहिली तर 'टेली-मानस' या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

— दोन बालसमुपदेशक, नागपूर